माय सांगेल त्याच्याशीच बोलायचं

संग्रामपूर, पहिला दिवस

"अवो, यातलं तपासाचं कोण हाय अन् तपासणारं कोण?"

मागच्या बाकावरची बाई शेजारणीला हळूच विचारत होती. पण सभागृहाला पत्र्याचं छत होतं, त्यामुळे हळूच बोललेलंही सगळ्यांना ऐकू जात होतं. तिचा गोंधळ समजण्यासारखा होता. टेबलाच्या एका बाजूला मी, मांडीवर चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन, गेली पाच मिनिटं एक शब्दही न बोलता बसले होते. समोर गणेश होता. वय एकोणीस, आणि तो थांबतच नव्हता. माझं नाव विचारून झालं, गाव विचारून झालं, पुण्याला पाऊस पडला का, मोबाइल केवढ्याचा, मोटारसायकल येते का, नसेल येत तर का नाही.

"पोट्टं एवढं बोलून राह्यलं, त्याले काय झालं असन?" शेजारीण म्हणाली. "ही मुकी दिसते बिचारी. घरची चांगली हाय पण."

मी कार्डांचा गठ्ठा उगाच नीट केला आणि पहिलं चित्र गणेशपुढे धरलं. तो म्हणाला, "हे रेल्वे. शेगावले येते. मी बसलेलो हाय. तू बसली का?"

या मुलाखतीत मुलाखत माझीच चालली होती.

मी इथे कशी आले ते सांगायला हवं. ज्यांना बोलायला, भाषा समजायला अडचण येते अशांना मदत करण्याचं शिक्षण मी नुकतंच पुरं केलं आहे, आणि आपटे मॅडमच्या हाताखाली काम करते. खामगावकडे एक नवं प्रशिक्षण केंद्र सुरू होत होतं. ज्यांची बौद्धिक वाढ उशिरा झाली आहे अशा तरुण मुलामुलींनी तिथे आठवड्याचे पाच दिवस राहायचं, शिवण, स्वयंपाक, रोपवाटिका असं काही शिकायचं आणि शनिवार-रविवार घरी यायचं. जागा थोड्या होत्या आणि अट एक होती. येणाऱ्याला आपलं नाव, आपलं दुखणं आणि कुणी त्रास दिला तर तो, एवढं तोंडाने सांगता आलं पाहिजे. ते येतं की नाही हे पाहून आम्ही यादी करून द्यायची होती. जोडीला मॅडमना एक गोष्ट स्वतःसाठी पाहायची होती, ती म्हणजे अशा मुलांच्या आणि मुलींच्या भाषेत काही फरक असतो का. एरवी मुली मुलग्यांपेक्षा थोड्या आधी बोलू लागतात असं आम्ही शिकतो. पण वाढच उशिरा होते तेव्हा तो फरक टिकतो की पुसला जातो, याबद्दल पुस्तकांचं एकमत नाही.

संग्रामपूरच्या सभागृहात पहिल्याच दिवशी फरक दिसला, तो उलटा. मुलगे बोलत होते. कुणाचे उच्चार अर्धे होते, कुणी एकच वाक्य दहा वेळा म्हणत होतं, पण बोलत होते. एकाने पोलिसाचं चित्र पाहून अशी कचकचीत शिवी दिली की त्याच्या वडिलांनी कपाळावर हात मारला. मॅडमनी मात्र शांतपणे मला सांगितलं, "शब्द योग्य आहे. गुण द्या."

मुली खाली पाहत होत्या. कार्ड पुढे धरलं की कार्डाच्या कडेकडे पाहायच्या. त्यांच्या कागदांवर मी रकान्यामागून रकान्यात शून्य लिहीत गेले.

दुपारी डाक बंगल्याच्या ओट्यावर आम्ही डबे उघडले. सातपुड्याची रांग इथून इतकी जवळ आहे की वाटतं, जेवण झाल्यावर चालत जाऊन यावं. ऑक्टोबरच्या उन्हात ती निळी नाही, राखाडी दिसत होती. या पट्ट्यातलं विहिरीचं पाणी खारं, म्हणून घरोघरी पिण्याच्या पाण्याचे निळे जार. मला ते माहीत नव्हतं. मी हापशाचं पाणी ओंजळीने घोटभर प्याले आणि चेहरा वाकडा केला असणार.

"काऊन वो मॅडम, समुद्र पाह्यला नव्हता काय?" शोभाताई म्हणाल्या.

शोभाताई आमच्या तिथल्या सगळ्या कामाचा कणा. चाळिशीच्या, पिंपळगाव राजाच्या. तीन तालुक्यांतल्या अशा मुलामुलींची घरं त्यांना पाठ आहेत आणि त्यांची स्कूटर त्या घरांना. हे मराठीत लिहिते आहे ते त्यांच्यामुळेच. निघताना म्हणाल्या, "लिवजो, पण इंग्रजीत लिवून धाडू नोको. मले दुसऱ्याकून वाचून घ्या लागते, अन् मंग तो आपल्या मनचं सांगते." माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी घरी बोलते, पण लिहिताना वाक्य आधी मनात दोनदा म्हणून पाहावं लागतं. खरं सांगायचं तर बोलतानाही तेच करते, आणि तेवढ्या वेळात समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

पिंपळगाव राजा, दुसरा दिवस

इथलं शिबिर शाळेच्या वर्गात होतं. चाचणी मॅडम घेत होत्या, मी लिहीत होते.

दुर्गा सतराची. दोन वेण्या, धुतलेला पिवळा पंजाबी ड्रेस, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. तिची आई लताबाई दाराशी उभी होती. आत या म्हटलं तरी आली नाही. मॅडम या कामात अतिशय चांगल्या आहेत. आवाज मऊ, घाई नाही. त्यांनी रेल्वे दाखवली, विमान दाखवलं, बस, पोलीस, क्रिकेटची बॅट. दुर्गाने प्रत्येक चित्राकडे नीट पाहिलं आणि ओढणीचं टोक दातांत धरलं. "नाव काय तुझं?" यावर तिने दाराकडे पाहिलं. लताबाई जमिनीकडे पाहत होती.

शेवटी मी लिहिलं: बोलत नाही.

बाहेर पडताना लताबाईने मला थांबवलं. "मॅडम, जागा भेटन ना तिले?" मी काहीतरी पुटपुटले. "माह्यानंतर तिचं कोण पाह्यन, मॅडम? तेवढी जागा भेटली पाह्यजे." खरं म्हणजे माझ्या हातातल्या कागदाने ती जागा जवळजवळ गेली होती. मी "बघू" म्हणाले. हा शब्द मी फार वापरते.

माझा मुक्काम शोभाताईंकडे होता. संध्याकाळी त्यांनी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि खलबत्त्यात कुटलेला ठेचा वाढला, भाजीवर कच्च्या तेलाची धार. पुण्यात आमच्याकडे पाहुण्याला "आणखी घेणार?" असं विचारतात, आणि पाहुणा नको म्हणाला की सगळ्यांना बरं वाटतं. इथे विचारत नाहीत. दुसरी भाकर ताटात पडली तेव्हा मी अजून नकाराचं वाक्य जुळवत होते. ठेच्याने मला उचकी लागली. शोभाताईंच्या सासूबाईंनी माझ्या पुढ्यात गुळाचा खडा ठेवला आणि सुनेला म्हणाल्या, "पुण्याच्या पोरीयले मिरच्या भेटत नाहीत काय वो?"

जेवण आटोपतं तोच गल्लीत मुलींचा गलका झाला. भुलाबाईचे दिवस होते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर वऱ्हाडातल्या मुली पाटावर भुलाबाई आणि भुलोजी मांडतात, संध्याकाळी घरोघर जाऊन त्यांची गाणी म्हणतात. गाणी झाली की खरी गंमत. ज्या घरी गाणी झाली, तिथली मुलगी खाऊचा डबा झाकण लावून आणते, सगळ्यांच्या कानांशी वाजवते आणि आत काय आहे ते ओळखायला सांगते. ओळखेपर्यंत कुणालाच काही मिळत नाही.

शोभाताई मला ओढतच घेऊन गेल्या. दिवेलागण झाली होती. तिसऱ्या घराच्या अंगणात मुलींचं कोंडाळं बसलं होतं. मी फाटकाशी, जास्वंदीच्या आड उभी राहिले. गर्दीत अशी एखादी जागा मला नेहमीच सापडते.

डबा वाजवला गेला. आवाज जवळजवळ नाहीच.

"गोड का तिखट?" एकीने विचारलं.

"दोनी नाही!"

मुली बुचकळ्यात पडल्या. कुणी मुरमुरे म्हणालं, कुणी फुटाणे. मग कोंडाळ्यातून एक जाडसर, जरा बोबडा आवाज आला. "मुरमुरे कसे असतीन? मुरमुरे वाजतात. फुटाणे बी वाजतात. हे वाजत नाही. ओलं हाय ते."

मी जास्वंदीची फांदी बाजूला केली. दोन वेण्या, पिवळा ड्रेस.

"ओलं त ओलं. पण काय?" डबेवालीने खिजवलं. "सांग ना दुर्गे, भल्ली हुशार!"

"भिजवलेली डाळ?"

"नाही!"

"साबुदाण्याची उसळ?"

"तिखट नाही म्हटलं ना!"

"केळं? पेरू? शिताफळ... शिताफळ नाही, डब्यात चेंदा होते त्याचा." ती थांबली, डबा हातात घेतला, तिरपा केला. आत काहीतरी सरकलं. "वाळूक! कापलेलं वाळूक हाय! तुह्या मायनं सकाळी आमच्या मळ्यातूनच आणलं!"

झाकण उघडलं. गावरान काकडीच्या फोडी, वरून मीठ. ओरडा झाला. दुर्गाला पहिली फोड मिळाली.

काही तासांपूर्वी मी याच मुलीच्या कागदावर 'बोलत नाही' लिहिलं होतं. शब्द तर होतेच. कारण देता येत होतं, चूक लक्षात आल्यावर स्वतःच ती सुधारता येत होती. मी नकळत दोन पावलं पुढे गेले. दुर्गाला मी दिसले आणि ओढणीचं टोक दातांत गेलं. काकडीची फोड हातातच राहिली.

पिंपळगाव राजा, तिसरा दिवस

लताबाईचा मळा गावाला लागूनच. तिचा नवरा बाजाराला गेला होता. ती आणि दुर्गा बाजेजवळ बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. जुडी दुर्गाची जास्त सारखी होती. शोभाताईंनी सरळ विषय काढला. "लता, पोट्टी काल आमच्या गल्लीत पोपटासारखी बोलून राह्यली होती. मंग शाळेत काऊन तोंड उघडलं नाही?"

लताबाईचा चेहरा पडला नाही. उलट तो थोडा उजळला. तो अभिमान आहे हे कळायला मला वेळ लागला.

"मीच शिकवलं तसं," ती म्हणाली. "लय मेहनतीनं शिकवलं, बाई. ही नऊ वर्षांची असन. जत्रेत कोणीतरी म्हटलं, चाल तुले जिलबी देतो, अन् ही हात धरून निघाली त्याच्यासंग. माहा जीव उडून गेला. दोन गल्ल्या पार सापडली. त्या दिवसापासून मी एकच धरलं. माय सांगन त्याच्याशीच बोलाचं. मी म्हटलं हे तुहे मामा, त बोलाचं. हे आत्या, त बोलाचं. मी नातं नाही सांगतलं, त तोंड बंद. तिले समजाले चार वर्षं लागली. पण आता कोणी कितीबी बोलावलं तरी हूं की चूं नाही."

"अन् मॅडम? सर?" शोभाताईंनी विचारलं.

"ते कोण लागते तिचे?" लताबाई म्हणाली.

मी मेथीच्या ढिगाकडे पाहत राहिले. आमच्या सोसायटीत वॉचमनपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे अंकल आणि आंटी असतात. कुणी कुणाचं लागत नाही, म्हणूनच तो शब्द इतका सोयीचा. इथे एका मुलीच्या भाषेला कुलूप होतं, नात्याचा शब्द ही त्याची किल्ली, आणि ती आईच्या पदराला बांधलेली. मुलग्यांचं तसं नाही. गणेश दिवसभर संग्रामपूरच्या स्टँडवर असतो. चहावाला, कंडक्टर, पानवाला, सगळे त्याला "काय बे, जेवला का?" विचारतात आणि तो सगळ्यांना उत्तर देतो. त्याला कुणीही गप्प बसायला शिकवलेलं नाही. आणि आमच्या कार्डांवर चित्रं कसली होती? रेल्वे, पोलीस, विमान, बॅट. सगळी स्टँडवरच्या जगातली. त्या जगात मुलींना पाठवलं कुणी होतं?

"शिबिरात तरी सांगाचं होतं की बोल म्हणून," शोभाताई म्हणाल्या. "तुले जागा पाह्यजे ना?"

"मले वाटलं, चूप राह्यली तरच देतीन." लताबाई आता गोंधळली. "दाखल्याच्या वेळेस तसंच असते ना वो. पोरगं जास्त बोललं, जास्त चाललं, त म्हणते याले काहीच नाही झालं, न्या घरी. मंग मी म्हटलं, जेवढी मुकी दिसन तेवढं बरं."

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आयुष्यभर आपलं लेकरू जास्तीत जास्त हतबल दाखवायला शिकलेल्या आया, आणि आम्ही एका सकाळी जाऊन त्यांच्याकडे उलटं काहीतरी मागत होतो, तेही न सांगता.

"मले पोरगी धाडाची त हाय," लताबाई पुढे म्हणाली. "पण तिथं सगळे अनोळखी. बोलाले लागली अन् कोणाशीबी बोलली त? इथं मी हाय सांगाले. तिथं कोण सांगन? कोणी काही केलं त ती मले येऊन सांगते, तेवढं हाय तिचं."

माझ्या मनात एक प्रश्न होता. तो मी दोनदा मनात म्हणून पाहिला, आणि या वेळी समोरचं माणूस पुढच्या विषयावर गेलं नव्हतं.

"आणि तुम्ही जवळ नसाल, तेव्हा ती कुणाला सांगेल?"

लताबाईने तीन जुड्या बांधल्या. चौथीची गाठ सुटली. ती पुन्हा बांधली. मग ती दुर्गाकडे वळली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "दुर्गे, हे तुही मावशी हाय. ईशा मावशी. हिच्याशी बोलाचं."

दुर्गाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बोलली मात्र नाही. मी बाजेवर कार्डं मांडली आणि ओळीने एकेक दाखवू लागले. माझाच आवाज मला परका वाटत होता. दुर्गा चित्रांऐवजी माझ्या पाठीमागे पाहत होती. तिचे डोळे मोठे झाले, हात तोंडावर गेला.

"मावशी," ती म्हणाली, "तुही गाडी बकरीनं खाल्ली."

मी मागे पाहिलं. रेल्वेचं कार्ड शेळीच्या तोंडात होतं. इंजिन गेलं होतं, दोन डबे शिल्लक होते.

"हुसकाव ना तिले!" दुर्गा मला म्हणाली. "पाह्यते काय?"

मी उठले, शेळी पळाली, मी मेथीच्या वाफ्यात घसरले आणि ओल्या मातीत बसले. कुणीही हसणं दाबलं नाही. लताबाईने पदराने डोळे पुसले, पण ते हसून आलेलं पाणी होतं. मला हसायला सहसा वेळ लागतो. त्या दिवशी लागला नाही.

त्यानंतर कार्डांची गरज पडली नाही. दुर्गाने मला मळा दाखवला. प्रत्येक भाजीचं नाव, कुठली कधी लावली, कुठली किडली, कुठल्या बाईने मागच्या बाजारात जुडी लहान म्हणून परत केली. कुठे दुखतं ते सांगता येतं का, हे विचारण्याआधीच तिने डावा गुडघा दाखवला. "इथं दुखते, पावसात जास्त." आणि ती प्रश्न विचारत होती. मावशी, तू कोणाकडं राह्यते? तुले कोणी रागावते का? तू काऊन एवढी हळू बोलते? मी शक्य तितकं लिहून घेतलं. दोन पानं भरली, त्यातलं अर्धं माझ्याविषयीच होतं.

निघताना लताबाई म्हणाली, "तिथली जे बाई राह्यन पोरीयपाशी, तिले बी मीच दाखवून देईन. आत्या म्हणून सांगीन. पह्यल्या दिवशी मी सोबत येईन. चालन का तसं?"

"चालन म्हणजे? चालाच लागन," शोभाताई म्हणाल्या आणि स्कूटरला किक मारली.

देऊळगाव राजा, चौथा दिवस

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाता जाता भाषा बदलते. देऊळगाव राजाच्या स्टँडवर निम्म्या गाड्यांवर जालन्याच्या पाट्या, आणि 'करून राह्यलो'च्या जागी "काय करायलात?" ऐकू यायला लागलं. बालाजीच्या यात्रेची दुकानं अजून उठली नव्हती. शोभाताईंनी रेवड्या घेतल्या आणि म्हणाल्या, "इथलं बोलणं लय गोड. मले खोटंच वाटते."

केंद्रात कुणाला घ्यायचं ते ठरवणाऱ्या समितीची बैठक एका शाळेच्या ग्रंथालयात होती. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. आपटे मॅडम जीपने आधीच पोहोचल्या होत्या. माझी दोन पानं मी त्यांना सकाळी निघण्याआधीच दिली होती. त्यांनी ती वाचली होती, हे कोपऱ्यात पेन्सिलीने केलेल्या खुणांवरून दिसत होतं.

मॅडमनी सगळं नीट मांडलं. या यादीत मुलग्यांची भाषा मुलींपेक्षा पुढे दिसते आहे. याचा अर्थ मुली मागे असतात असा घाईने काढू नये. मुलगा थोडा जरी मागे पडला तरी घरचे दाखवायला आणतात, मुलगी घरकाम करू शकली की तिचं कुणी नाव घेत नाही. त्यामुळे आपल्यापर्यंत येणाऱ्या मुलीच बहुधा जास्त अडचणीतल्या असतील.

"खरंय," गुरुजी म्हणाले. "पण मॅडम, आज यादी बंद करून पाठवायची की नाही? अट तर बोलता येण्याची हाये. मग ज्यांना येतं त्यांचीच नावं भरू."

"एक मुलगी आहे," मॅडम म्हणाल्या. "दुर्गा. ईशाने तिला घरी जाऊन पाहिलं. तिथे ती चांगली बोलली." त्यांनी माझी पानं पुढे सरकवली. मग चष्मा काढला. "पण हे मी धरू शकत नाही. तिची एकटीची चाचणी आईशेजारी, ओळख करून घेऊन, आणि बाकीच्यांची परक्या खोलीत परक्या बाईसमोर? मग बाकीच्या मुलींवर अन्याय होईल. त्यांच्या आयांनीही हेच शिकवलं नसेल कशावरून? दुर्गाला पुन्हा तपासायचं तर सगळ्या मुलींना तसंच तपासायला हवं. नाहीतर कुणालाच नाही."

त्या बरोबर बोलत होत्या, आणि हीच खरी अडचण होती. त्या चुकल्या असत्या तर मला मनातल्या मनात रागावून गप्प बसता आलं असतं.

"मग तपासा की," गुरुजी म्हणाले.

"कोण? मी उद्या पुण्याला परतते. पुढचा महिना माझे वर्ग आहेत. एकेका घरी अर्धा दिवस जाईल. इथे हे शिकलेलं दुसरं माणूस नाही."

कुणीतरी पंख्याचा वेग कमी केला. शोभाताई माझ्या शेजारी होत्या, पण काही बोलल्या नाहीत. एरवी ही बाई कंडक्टरशीही वाद घालते. मी समोरच्या टेबलावरच्या यादीकडे पाहत होते. बंद करण्याची सही व्हायची होती. सहीची जागा रिकामी होती आणि गुरुजींच्या हातात पेन होतं.

कॉलेजमध्ये तोंडी परीक्षेत मला उत्तर येत असायचं आणि मी शेजारच्या मुलीला ते देऊ द्यायचे. घरी आई याला शांत स्वभाव म्हणते आणि पाहुण्यांना कौतुकाने सांगते. आपण गप्प राहिलो की कुणाचं काही बिघडत नाही, असं मला कालपर्यंत खरंच वाटत होतं. पण या खोलीत दुर्गाला बोलायची परवानगी देणारी आई नव्हती. पिंपळगावला ती मेथीच्या जुड्या बांधत असणार, आणि एका जागेची वाट पाहत असणार.

माझं परतीचं तिकीट उद्याचं होतं. मी वाक्य मनात म्हणून पाहिलं नाही. त्यामुळे ते निघालं तेव्हा जरा मोठ्यानेच निघालं, आणि गुरुजींनी पेन खाली ठेवलं.

"मी थांबते. शोभाताई मला सगळ्या मुलींच्या घरी नेतील आणि मी त्यांच्या आयांशी आधी बोलेन, मग मुलींशी. दिवाळीच्या आत कागद तुमच्या हातात देते, गुरुजी. पण तोवर ही यादी बंद करू नका."